समुद्रांतला सोनार

आजच्या भाषणाचें नांव ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांचा थोडा गोंधळ झाला असेल. समुद्रांत सोनाराचें काय काम, असा प्रश्न सांगलीच्या पेठेंतील एखाद्या जाणत्या सराफाला पडला, तर त्यांत त्याचा दोष नाहीं. पाण्यांत ध्वनि सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून दडलेली वस्तु हुडकून काढणाऱ्या यंत्राला दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं जें नांव दिलें, त्याचा मराठींत उच्चार केला कीं तो 'सोनार' असाच होतो. हा निव्वळ योगायोग आहे. परंतु या योगायोगांत एक मर्म दडलेलें आहे, आणि तें उलगडून दाखवावें एवढाच माझा हेतु आहे.

सोनाराचें कसब दागिने घडविण्यांत असतें असें आपण समजतों. पण घडविण्याच्या आधीं पारखणें येतें. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना हें निराळें सांगावयास नको. विटा, खानापूर, आटपाडी आणि तिकडे खटाव-माण, या अवर्षणाच्या मुलखांतील माणसें शेतीवर पोट भरेना म्हणून गलाईचा धंदा शिकलीं आणि देशभर पांगलीं. दूरदूरच्या शहरांतील सराफकट्ट्यावर या भागांतला माणूस मूस आणि भट्टी घेऊन बसलेला आढळतो. मोडींत निघालेले दागिने, कारागिराच्या दुकानांतला केर, भट्टीची राख, यांतून शुद्ध धातु वेगळा काढणें हें त्याचें काम. या केरांत सोनें किती आणि माती किती, हा त्याचा रोजचा प्रश्न. समुद्रांतल्या सोनारापुढेंहि हाच प्रश्न असतो. अंतर इतकेंच कीं, गलाईवाल्याची चूक झाली तर कांहीं गुंजा सोनें जातें. समुद्रांत चूक झाली तर माणसें जातात.

या विद्येचा आरंभ एका अपघातापासून झाला. १९१२ सालच्या एप्रिल महिन्यांत 'टायटॅनिक' ही प्रचंड आगबोट हिमनगावर आदळून बुडाली आणि सुमारें पंधराशें माणसें प्राणांस मुकलीं. अंधारांत न दिसणारी वस्तु ऐकूं येईल काय, हा विचार लोकांच्या मनांत त्या रात्रीपासून घोळूं लागला. त्याच वर्षीं लुइस रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानें ध्वनीच्या प्रतिध्वनीनें अडथळा ओळखण्याच्या युक्तीचें पेटंट मागितलें. १९१४ च्या एप्रिलमध्यें रेजिनाल्ड फेसेंडेन यानें उत्तर अटलांटिकमध्यें सुमारें दोन मैलांवरील हिमनगाचा प्रतिध्वनि प्रत्यक्ष मिळविला. तोंच पहिलें महायुद्ध सुरू झालें आणि हिमनगापेक्षांहि भयंकर असा शत्रु पाण्याखालीं वावरूं लागला. तो म्हणजे पाणबुडी. पॉल लांजव्हां या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकानें क्यूरी बंधूंनीं १८८० मध्यें शोधून काढलेल्या स्फटिकाच्या एका गुणाचा येथें उपयोग केला. गारगोटीच्या जातीच्या स्फटिकाला विजेचा झटका दिला कीं तो थरथरतो, आणि त्याला थरथरविलें कीं तो वीज देतो. एकच स्फटिक पाण्यांत हांक मारतो आणि उत्तरहि ऐकतो. १९१८ पर्यंत या साधनानें पाणबुडीचा प्रतिध्वनि ऐकूं येऊं लागला होता.

तत्त्व पाहिलें तर तें साताऱ्याच्या डोंगरांत गुरें राखणाऱ्या पोरालाहि ठाऊक आहे. कड्यापुढें उभें राहून हांक मारावी आणि ती किती वेळानें परत येते यावरून कड्याचें अंतर ताडावें. हवेंत ध्वनि सेकंदाला सुमारें ३४० मीटर धांवतो. समुद्राच्या पाण्यांत तो जवळजवळ १५०० मीटर जातो. म्हणजे तीन किलोमीटरांवरच्या पाणबुडीपर्यंत जाऊन परत येण्यास त्याला चार सेकंद पुरतात. इतकें सोपें जर हें काम आहे, तर मग अडचण कोठें आली?

अडचण ही आली कीं, समुद्र मुका नाहीं. हांकेला पाणबुडीच तेवढी ओ देते असें नव्हे. देवमासा देतो, माशांचा थवा देतो, वीस वर्षांपूर्वीं बुडालेलें गलबत देतें, तळावरचा खडक देतो आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहांची गांठ पडून खळबळलेलें पाणीहि देतें. दुसऱ्या महायुद्धांत कानाला यंत्र लावून बसलेल्या खलाशाला यांतून निवड करावी लागे. त्याच्याजवळ एक मोठें साधन होतें, तें म्हणजे स्वर. मिरज जंक्शनवर उभें राहिलें असतां येणाऱ्या गाडीची शिटी चढ्या स्वरांत आणि जाणाऱ्या गाडीची उतरत्या स्वरांत ऐकूं येते, हें आपण अनुभविलें असेल. तसाच जवळ येणाऱ्या पाणबुडीचा प्रतिध्वनि किंचित् चढा आणि दूर जाणारीचा किंचित् उतरता असतो. बुडालेलें गलबत जागचें हलत नाहीं; म्हणून त्याचा स्वर भोंवतालच्या पाण्याशीं जुळता राहतो. निष्णात खलाशी हा सूक्ष्म फरक गवयाच्या कानानें टिपीत असे. परंतु देवमासाहि पोहतो, आणि पाणबुडीनें कूस वळवून आडवें तोंड केलें कीं तिचा स्वर चढतहि नाहीं आणि उतरतहि नाहीं. म्हणजे कसोटी होती, पण ती अपुरी होती.

उथळ समुद्रांत तर ही अडचण दसपट वाढते. मुंबईच्या किनाऱ्यासमोर समुद्राचा तळ एकदम खोल जात नाहीं. दोनशें किलोमीटरांहून अधिक अंतरापर्यंत तो उथळ पठारासारखा पसरलेला आहे. अशा पाण्यांत ध्वनि पृष्ठभागावर आपटून तळाकडे आणि तळावर आपटून पुन्हां वर असा उसळत जातो. आपल्यापैकीं कोणी मिरजेहून गाडीनें विजापुरास जाऊन गोलघुमट पाहिला असेल. तेथें एक टाळी वाजविली कीं ती अनेक वेळां ऐकूं येते, आणि दहा प्रवासी एकदम बोलूं लागले कीं कोणाचा शब्द कोणता हेंच कळेनासें होतें. उथळ समुद्र हा असाच एक लांबरुंद, बसकट घुमट आहे. हांक मोठी मारून भागत नाहीं. कारण हांक जितकी मोठी तितकाच घुमाराहि मोठा. शिवाय दुपारच्या उन्हानें वरचें पाणी तापलें कीं ध्वनीची वाट खालीं वांकते आणि सकाळीं जी वस्तु ऐकूं येत होती ती दुपारीं ऐकूं येईनाशी होते. नौदलांत या प्रकाराला दुपारचा परिणाम असेंच नांव पडलें होतें.

हें सर्व वाचनालयांतलें ज्ञान वाटेल. म्हणून मी आपल्याला १९७१ सालच्या डिसेंबरांत घेऊन जातों. पाकिस्तानशीं युद्ध सुरू होतें. दीवच्या समोरील समुद्रांत एक शत्रूची पाणबुडी वावरत आहे अशी खबर लागल्यावरून आपल्या नौदलाच्या 'खुकरी' आणि 'किरपाण' या बोटी तिच्या शोधार्थ धाडण्यांत आल्या. 'खुकरी'वर ध्वनियंत्राचा पल्ला वाढविण्याचा एक प्रयोग चालू होता, आणि त्याच्या सोयीसाठीं बोटीचा वेग कमी ठेवलेला होता, अशी नोंद आहे. 'हँगोर' या पाणबुडीचे कान अधिक लांबचें ऐकत होते. ९ डिसेंबरच्या रात्रीं तिनें प्रथम 'किरपाण'वर पाणतीर सोडला. तो फुटला नाहीं. दुसरा 'खुकरी'ला लागला. कांहीं मिनिटांतच बोट तळाला गेली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनीं बोट सोडली नाहीं. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यांत आलें, आणि दीवच्या किनाऱ्यावर या सर्वांचें स्मारक उभें आहे.

परंतु या कथेचा उत्तरार्ध आपल्या विषयाच्या दृष्टीनें तितकाच बोधक आहे. त्यानंतर कित्येक दिवस बोटी आणि विमानें 'हँगोर'चा पाठलाग करीत होतीं. जेथें जेथें संशयाचा प्रतिध्वनि आला तेथें तेथें पाण्यांत बाँब टाकण्यांत आले. पाणबुडी सुखरूप कराचीला पोहोंचली. म्हणजे एकदां खरा प्रतिध्वनि वेळेवर कळला नाहीं, आणि पुढें खोट्यांच्या मागें दारूगोळा खर्ची पडला. ही केवळ आपलीच गत झाली असेंहि नव्हे. १९८२ मध्यें फॉकलंड बेटांच्या युद्धांत ब्रिटिश आरमार जगांतील पाणबुडी-शोधाच्या कामांत अग्रगण्य गणलें जाई. तरीहि अर्जेंटिनाची 'सान लुइस' ही पाणबुडी त्याला सांपडली नाहीं. तिच्या भ्रमानें कितीतरी पाणतीर आणि बाँब खोट्या प्रतिध्वनींवर खर्ची पडले, आणि कांहीं देवमासे मात्र हकनाक मेले.

आतां यांत गणित कसें आहे तें पाहूं. समजा, एका रात्रींत यंत्रावर एक हजार प्रतिध्वनि आले आणि त्यांत पाणबुडीचा एकच आहे. पारखणारा इतका हुषार आहे कीं, शंभर खोट्यांपैकीं नव्याण्णव तो ओळखून टाकून देतो. तरीहि ९९९ खोट्यांपैकीं दहा शिल्लक राहतात. अकरा वेळां घंटा वाजते आणि दहा वेळां ती फुकट. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण लहानपणीं ऐकली आहे. दहाव्या खोट्या घंटेनंतर अकरावीला धांवून जाण्याचें बळ कोणाच्या पायांत उरेल? बरें, घंटा वाजूंच नये म्हणून चाळणी बारीक करावी, तर तोच एक खरा प्रतिध्वनि केराबरोबर बाहेर फेंकला जाण्याचें भय.

अशा रीतीनें चुका दोन प्रकारच्या आहेत. खोट्याला खरें मानणें ही एक, आणि खऱ्याला खोटें मानणें ही दुसरी. एक कमी करावी तर दुसरी वाढते. या दोहोंचा हिशेब कसा मांडावा याचें शास्त्र येर्झी नेमन आणि एगॉन पिअरसन या दोघांनीं १९३३ मध्यें सिद्ध केलें. खोटी घंटा किती वेळां सोसावयाची तें आधीं ठरवा, आणि मग तेवढ्या मर्यादेंत खरी घंटा चुकण्याचा संभव कमींत कमी राहील अशी कसोटी निवडा, असा त्या शास्त्राचा सारांश आहे. आपणांस कौतुक वाटेल अशी एक गोष्ट येथें सांगतों. त्याच सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्यें या मंडळींच्या सहवासांत एक मराठी तरुण संख्याशास्त्र शिकत होता. सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ मध्यें जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे ते हेच. त्यांनीं पुढें आपली विद्या पिकांच्या अंदाजासाठीं आणि लोकांच्या आहाराच्या प्रश्नासाठीं वेंचली; समुद्राशीं त्यांचा संबंध नव्हता. परंतु शेतांतील मोजक्या नमुन्यांवरून सगळ्या पिकाबद्दल खरें काय तें ओळखणें आणि घुमाऱ्यांतून पाणबुडी ओळखणें, या दोहोंच्या तळाशीं एकच शास्त्र आहे.

या शास्त्राला दुसरा हात लागला तोहि हिंदी माणसाचा. एखादी वस्तु दोन जातींपैकीं कोणत्या जातीची, हें अनेक मापांवरून ठरवावयाचें असेल तर काय करावें? प्रशांतचंद्र महालनोबिस हे माणसांच्या शरीराचीं मापें घेऊन समाजासमाजांतील अंतर मोजीत होते. उंच माणसाचे हातहि लांब असावयाचे. तेव्हां हीं दोन मापें स्वतंत्र पुरावे म्हणून धरणें म्हणजे एकाच साक्षीदाराची साक्ष दोनदां नोंदविणें होय. हा दोष काढून टाकणारें अंतराचें माप त्यांनीं १९३६ मध्यें मांडलें, आणि तें आज जगभर त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. त्याच वर्षीं रोनाल्ड फिशर यानें फुलांच्या पाकळ्यांच्या मापांवरून त्यांची जात ठरविण्याची रीत दिली. १९४८ मध्यें सी. आर. राव यांनीं हीच विद्या पुढें नेली.

आतां प्रतिध्वनीलाहि अशींच मापें लावतां येतात. तो किती वेळ टिकला, त्याची कड तीक्ष्ण कीं बोथट, त्यांत चढे-उतरते स्वर कोणत्या प्रमाणांत मिसळले आहेत, पुढच्या हांकेला तो त्याच जागीं आला कीं सरकला, आणि सरकला तर पाणबुडीला शोभेल अशा चालीनें सरकला काय? एकएकटें माप फसवूं शकतें. पण सर्वांची मिळून एक आकृति बनते. पोलादी भिंतीचा प्रतिध्वनि खणखणीत तुटक येतो, तर माशांच्या थव्याचा पसरट आणि दर वेळीं बदलता. शेंकडों ओळखीच्या प्रतिध्वनींच्या आकृति यंत्राला शिकवून ठेवावयाच्या, आणि नवा आला कीं तो कोणाच्या अधिक जवळ जातो तें पाहावयाचें. सराफ काळ्या कसोटीवर रेघ ओढतो, तिच्यावर तेजाब लावतो आणि ठाऊक असलेल्या कसाच्या रेघेशीं ती ताडून पाहतो, त्याहून ही रीत तत्त्वतः वेगळी नाहीं. १९८८ मध्यें अमेरिकेंत गॉर्मन आणि सेज्नोव्स्की या दोन संशोधकांनीं एक प्रसिद्ध प्रयोग केला. धातूचें नळकांडें आणि त्याच आकाराचा खडक, या दोहोंचे मिळून २०८ प्रतिध्वनि घेतले. प्रत्येकाचें वर्णन ६० आंकड्यांत केलें. आणि मेंदूतील पेशींच्या जाळ्याच्या धर्तीवर रचलेल्या गणनपद्धतीला त्यांतून धातु आणि दगड वेगळे करावयास शिकविलें. पूर्वीं न ऐकलेल्या प्रतिध्वनींपैकीं सुमारें शेंकडा ९० तिनें बरोबर ओळखले.

आपल्या देशांतहि १९७१ चा धडा वायां गेला नाहीं. आरोग्यस्वामी पॉलराज हे तरुण नौदल अधिकारी पुण्याजवळ खडकवासल्याच्या प्रबोधिनींत आणि लोणावळ्याच्या 'शिवाजी' या नाविक अभियांत्रिकी संस्थेंत तयार झालेले. 'खुकरी' बुडाल्यानंतर बोटींवरील ब्रिटिश बनावटीचीं ध्वनियंत्रें सुधारण्याचें काम त्यांनीं केलें. पुढें कोचीनच्या नाविक प्रयोगशाळेंत त्यांच्या नेतृत्वाखालीं संपूर्ण स्वदेशी रचनेचें नवें ध्वनियंत्र तयार झालें, आणि १९८३ च्या सुमारास तें मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेल्या 'हिमगिरी' या बोटीवर बसविण्यांत आलें. आपल्याच समुद्राच्या उबदार, उथळ पाण्याला अनुसरून यंत्र घडविलें पाहिजे, ही समजूत या कामाच्या मुळाशीं होती. कारण यंत्राला जें शिकवावें तेंच तें जाणतें. थंड अटलांटिकमध्यें शिकलेली कसोटी अरबी समुद्रांत तशीच चालेल अशी खात्री कोणी देऊं शकत नाहीं. म्हणून प्रत्येक समुद्राचे, प्रत्येक ऋतूचे प्रतिध्वनि कष्टानें गोळा करावे लागतात.

श्रोतेहो, सातारा-सांगलीपासून समुद्र दूर आहे. तेव्हां ही सगळी पराव्याची चिंता, असें कोणी म्हणेल. पण आपल्या पायांखालीं काय आहे? १९६७ च्या डिसेंबरची ११ तारीख आठवा. त्या पहाटे कोयनेच्या खोऱ्यांत ६.३ प्रतीचा भूकंप झाला, कोयनानगर कोसळलें आणि १८० च्या आसपास माणसें झोपेंतच दगावलीं. तेव्हांपासून त्या खोऱ्यांत धरणीचा आवाज यंत्रें ऐकत आहेत. चांदोलीजवळ वारणेचें धरण भरूं लागल्यावर धक्क्यांचा रोख तिकडेहि वळला. २००५ पासून हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनें तेथें यंत्रांचें दाट जाळें विणलें; आणि मोठ्या धक्क्याच्या आधीं बारीक धक्क्यांचा पुंजका कसा जमतो, याची आकृति शोधण्याचा प्रयत्न केला. १६ मे २००६ रोजीं अशा आकृतीवरून सुमारें ४ प्रतीच्या धक्क्याचें भाकित केलें गेलें, आणि २१ मे रोजीं ४.२ प्रतीचा धक्का खरोखरच झाला. हें यश लहान नाहीं. परंतु प्रत्येक पुंजक्यामागून मोठा धक्का येतोच असें नाहीं. खोटी सूचना दिली तर पाटण तालुक्यांतील माणूस लहान मुलांना घेऊन थंडींत अंगणांत निजणार; चार वेळां तसें झालें कीं पांचव्या वेळीं तो घरांतच निजणार. आणि न दिली, तर काय होतें तें १९६७ नें दाखविलें आहे. दीवच्या पाण्यांतला प्रश्न असा आपल्या ओसरीवर येऊन बसलेला आहे.

म्हणून मला वाटतें, या विद्येचा महिमा तिनें किती घंटा वाजविल्या यावर मोजूं नये. आणि किती वाजूं दिल्या नाहींत यावरहि मोजूं नये. वाजलेल्या घंटेवर माणसाचा विश्वास किती उरला, हें तिचें माप आहे. भट्टी कितीहि कडक असो, शेवटीं सराफ पेढीवर बसतो तो आपल्या शब्दावर. त्याच्या पारखीवर पेठेचा विश्वास आहे म्हणून त्याची पेढी चालते. तो एकदां उडाला तर शंभर नंबरी सोनेंहि कोणी विकत घेणार नाहीं. समुद्रांतल्या सोनाराला काय, किंवा धरणीला कान लावून बसलेल्या शास्त्रज्ञाला काय, हीच एक पत सांभाळावयाची आहे. ९ डिसेंबरच्या रात्रीं 'खुकरी'वर जे गेले, त्यांच्यांतील कित्येकांच्या घरीं त्या दिवशींहि कोणी पत्राची वाट पाहत असेल. खरा प्रतिध्वनि केराबरोबर फेंकला जाऊं नये आणि केराला सोनें समजून कोणी फसूं नये, यासाठीं जीं माणसें दिवसरात्र कान देऊन बसतात, त्यांचें काम किती नाजूक आहे याची आपणांस थोडी कल्पना आली असेल, तर आजचें माझें बोलणें सार्थकीं लागलें असें मी समजेन.